हातीं काम, मुखीं कवन : सिन्नरकडील दोन शाहीर

नाशिक म्हटलें म्हणजे गोदावरीचा घाट, पंचवटी, काळारामाचें देऊळ आणि बारा वर्षांनीं भरणारा सिंहस्थ एवढें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्यांत कांहीं चूक नाहीं. परंतु आज मी आपणांस नाशकाहून पुण्याच्या रस्त्यानें थोडें खालीं, सिन्नर तालुक्यांत घेऊन जाणार आहें. हा तालुका पावसाच्या बाबतींत दुर्दैवी. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पूर्वेकडील गांवांच्या वांट्याला नुसती सांवली येते. विहीर खोल खणावी तेव्हां कोठें पाणी लागतें. अशा या कोरड्या मुलखांतील दोन गांवांनीं मराठी भाषेस दोन शाहीर दिले. वावीनें परशराम दिला. देशवंडीनें वामनदादा कर्डक दिले. पहिला पेशवाईंतला, दुसरे आपल्यांपैकीं अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिलेले. एकाचा जन्म इ. स. १७५४ च्या सुमाराचा, दुसऱ्यांचा १९२२ चा. मध्यें सुमारें १६८ वर्षें गेलीं, एक राज्य बुडालें, दुसरें आलें आणि तेंही जाण्याच्या मार्गास लागलें. पण दोघांच्या जीवनाची मांडणी मात्र एकच राहिली. दिवसा हातांस काम, आणि त्या कामाच्या मधूनच उगवलेलें कवन.

शाहीर म्हटल्यावर आपल्या मनांत जें चित्र येतें तें बहुधा शालेय पुस्तकांतील असतें. डोक्यास तुरेदार फेटा, हातांत डफ, समोर दरबार, आणि प्रसन्न झालेला कोणी सरदार हातांतील कडें काढून देत आहे! 'शाहीर' हा शब्द अरबींतील 'शाइर' या शब्दावरून आपल्याकडे आला, आणि त्याबरोबर दरबाराची थोडी झांकही आली असावी. पेशवाईच्या उत्तरकाळांत कांहीं शाहिरांस मोठा आश्रय मिळाला, हें खरें आहे. परंतु त्यांचे व्यवसाय पाहिले म्हणजे निराळेंच चित्र दिसूं लागतें. होनाजी हा गवळ्याचा मुलगा. सगनभाऊ हा मुसलमान; त्याचा धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांस पाणी आणि धार देण्याचा. आपला परशराम शिंपी. राम जोशी आणि अनंत फंदी हे ब्राह्मण कुळांतले. तरी डफाच्या मेळ्यांत गेल्याबद्दल त्यांस आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. फंदी हा संगमनेरचा, म्हणजे सिन्नरचा शेजारीच. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशानें तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, असें सांगतात. तात्पर्य, शाहिरी हा कांहीं दरबारी कवींचा वर्ग नव्हता. गाई राखणारे, तरवारी पाजणारे आणि कपडे शिवणारे लोक रात्रीं एकत्र जमत आणि जें दिवसभर मनांत घोळलें तें मोकळें करीत.

फडाची रीत आतां पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगतों. मुख्य गाणारा डफ घेऊन पुढें उभा राही. मागें तुणतुणें, झांज आणि त्याचा शेवटचा शब्द उचलून धरणारे झीलकरी. फडांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीचें, मायेचें श्रेष्ठत्व सांगत; तुरेवाले शिवाचें, पुरुषाचें. एका पक्षानें गाण्यांतून कूट घालावें, दुसऱ्यानें गाण्यांतूनच तें सोडवावें, आणि अशा सवालजबाबांत पहांट व्हावी. तेथें कागद काढून विचार करण्यास सवड नसे. पुराणांतील कथा, वेदांताच्या संज्ञा, चाली, यमकें सर्व जिभेवर लागे. ज्यांस आपण निरक्षर म्हणतों त्यांच्या डोक्यांत हें एवढें भांडार कसें मावत होतें, याचा विचार आम्हां शिक्षकांनीं तरी करावयास हवा होता. रचनेच्या अखेरच्या चौकांत कर्त्याचें नांव गुंफलेलें असे. कधीं गुरूचें, कधीं गाणाऱ्या साथीदाराचेंही. कवनावरील मालकीची खूण ती तेवढीच. पुढें कित्येकांची ही नाममुद्राच काय ती मागें राहिली.

परशरामाचें बरेंचसें असेंच झालें. सिन्नरहून शिर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वावी हें गांव लागतें. तेथें हा शिंपी राहिला, विठ्ठलाची भक्ति केली, कपडे शिवले आणि लावण्या रचल्या. इ. स. १८४४ च्या सुमारास, नव्वदीच्या घरांत तो वारला. या हिशेबानें पाहिलें तर खर्ड्याची लढाई झाली तेव्हां तो चाळिशींत होता, आणि १८१७ सालीं शनिवारवाड्यावरील निशाण उतरलें तेव्हां त्याची साठी उलटली होती. राज्य बदललें, आश्रय देणारे वाडे ओस पडले, पुण्यांतील फडांची रया गेली. परंतु ज्याची भाकरी सुईच्या अग्रावर होती त्याला वाडा ओस पडल्याची झळ कितीशी लागणार? नव्या राज्यांतही लोकांस अंगरखे लागतच होते! त्याच्या लावण्यांत शृंगार आहे, पुराणकथा आहेत, अध्यात्म आहे, आणि व्यवहारांतला शहाणपणाही आहे. भाषा साधी, सरळ, समोरच्या माणसाशीं बोलावें तशी.

शिवणकाम आणि कवन यांचा मेळ कसा बसला असेल, याचा मी पुष्कळदां विचार करितों. शिंप्याचे हात गुंततात, डोळे गुंततात. पण तोंड आणि मन मोकळें राहतें. टांका एका ठराविक अंतरानें पडत जातो, त्याची एक लय असते. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. नामदेव शिंपी, सांवता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार. या संतांनीं आपला धंदा टाकून अभंग केले नाहींत. धंद्यांतील शब्दच त्यांनीं देवापुढें ठेवले. त्याच परंपरेंतील एक टांका वावीच्या या शिंप्यानें पुढें घातला, असें मला वाटतें.

मात्र परशरामाच्या चरित्राविषयीं आपणांस जें ठाऊक आहे तें एका लहानशा परिच्छेदांत संपतें. त्याची बायको कोण, मुलें किती, कोणत्या दुःखानें त्याला भक्तीकडे ओढलें, दुष्काळांत त्यानें काय केलें, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. नव्वद वर्षें जगलेला माणूस! त्याच्यापाशीं बसून विचारणारा एक जरी मनुष्य निघाला असता तरी एका शतकाची हकीकत हातीं लागली असती. राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या. शिंप्याची बखर कोण लिहिणार? शाहिरांच्या कवनांकडे सुशिक्षितांचें लक्ष गेलें तें पुष्कळ उशीरा. ॲकवर्थ नांवाचे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनीं लोकांच्या तोंडचे पोवाडे मिळवून १८९१ सालीं त्यांचा संग्रह छापला. आपलें धन आपणांस दाखविण्यास एका परक्याचें साह्य लागावें, याची थोडी लाज वाटली पाहिजे.

पुढें कवनाचें काम पालटलें. नाशिक शहरांतच त्याचें एक ठळक उदाहरण आहे. गोविंद त्र्यंबक दरेकर, ज्यांस आपण स्वातंत्र्यकवि गोविंद म्हणतों, ते १८७४ सालीं येथें जन्मले. लहानपणींच पाय लुळे पडले. आरंभीं ते तमाशासाठीं लावण्या रचीत. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याशीं संबंध आला आणि तीच लेखणी पोवाड्याकडे व स्वातंत्र्याच्या पदांकडे वळली. सरकारनें त्यांच्या कवितांवर बंदी घातली. ज्या माणसास स्वतःच्या पायांनीं घरांतून बाहेर पडणें कठीण, त्याचीं पदें मात्र गांवोगांव चालत गेलीं! १९२६ सालीं ते निवर्तले.

दुसरा प्रवाह याहून खोलांतून आला. २ मार्च १९३० रोजीं काळारामाच्या मंदिरप्रवेशासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढें कित्येक वर्षें चालू राहिला. १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्याला बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली. या दोन्ही घटना आपल्याच जिल्ह्यांतल्या. ही चळवळ ज्यांस वर्तमानपत्र वाचतां येत नव्हतें अशा लाखों माणसांपर्यंत कोणीं नेली? जलशांनीं. तमाशाचाच सांगाडा, गण, बतावणी, वग. पण देवस्तुतीच्या जागीं माणसाची स्तुति आली, आणि वगांत शिक्षण, हुंडा, दारू, अस्पृश्यता हे विषय आले. नाशिक जिल्ह्यांतील भीमराव कर्डक हे या जलशांचे एक अग्रणी. त्यांच्या मंडळींत दिवसा कामावर जाणारे आणि रात्रीं तोंडास रंग लावून उभे राहणारे कामकरी होते. आपल्या दहा सभांचें काम एक जलसा करितो, असें बाबासाहेब म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. भीमरावांनीं आणखी एक मोठें काम केलें. उतारवयांत त्यांनीं आंबेडकरी जलशांची हकीकत स्वतः लिहून काढली आणि १९७८ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. परशरामाच्या बाबतींत जें राहून गेलें तें त्यांनीं आपल्या सोबत्यांच्या बाबतींत राहूं दिलें नाहीं.

आतां देशवंडीकडे वळूं. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. घरीं अठराविश्वें दारिद्र्य. वडील लवकर गेले. गांवांत पोट भरेना म्हणून मुंबई गांठली आणि शिवडीच्या चाळींत राहणें झालें. कोळशाच्या वखारींत ओझीं वाहिलीं, खडी फोडली, मातीकाम केलें, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलें, गिरणींत राबले. पहिला संसार मोडला. लहानगी मुलगी मरण पावली. शाळेचें तोंड पाहिलेलें नव्हतें.

एके दिवशीं चाळींतील कोणा माणसानें त्यांच्यापुढें पत्र धरलें आणि वाचून दाखवावयास सांगितलें. तरुण वामनला वाचतां येईना. त्या माणसानें कांहीं वाईट हेतूनें विचारलें नव्हतें; पण या मुलाला रडूं कोसळलें. तेथून ते देहलवी नांवाच्या मास्तरांकडे गेले आणि बाराखडी गिरवूं लागले. रस्त्यानें जातां येतां दुकानांवरच्या पाट्यांतील अक्षरें जोडून पाहावीं, असा त्यांचा अभ्यास चाले. श्रोतेहो, मीं जन्मभर मुलांस बाराखडी शिकविली; पण एका अक्षरासाठीं इतका तळमळलेला विद्यार्थी मला लाभला नाहीं. ३ मे १९४३ रोजीं त्यांनीं पहिलें गीत रचलें. तें एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचें विडंबन होतें. म्हणजे आरंभ थट्टेंतून झाला! पण त्याच वर्षीं मुंबईंत त्यांस बाबासाहेबांचें दर्शन घडलें आणि गीतांचा ओघ दुसरीकडे वळला तो शेवटपर्यंत.

चित्रपटांच्या चाली घेतल्या म्हणून वामनदादांस कित्येकांनीं नांवें ठेविलीं. मला तो आक्षेप वरवरचा वाटतो. चाल लोकांच्या कानांत आधींच बसलेली असली कीं शिकावयाचे ते फक्त शब्द उरतात. मजुरास तालमीस वेळ कोठला? आज ऐकलेलें गाणें उद्यां खडी फोडतांना म्हणतां आलें पाहिजे. शिवाय हीच युक्ति आपल्या कीर्तनकारांनीं आणि जुन्या शाहिरांनींही केली होती. दादांनीं बुद्ध गाइला, कबीर गाइला, जोतीबा गाइले, भीमराव गाइले. त्याचबरोबर राबणारा माणूस, त्याची बायको, त्याची चूल यांचेंही गाणें केलें. गीतांची संख्या हजारोंत सांगतात. तरी पहिला संग्रह 'वाटचाल' निघाला तो १९७३ सालीं, म्हणजे पहिल्या गीतानंतर तीस वर्षांनीं. तोंवर सारा पसारा वह्यांत आणि लोकांच्या तोंडीं होता. खेड्यापाड्यांतून बोलावणें यावें, मिळेल त्या वाहनानें जावें, रात्रभर गावें, सकाळीं पुढचें गांव. असा हा जन्म गेला. १९९६ सालीं 'माझ्या जीवनाचं गाणं' हें आत्मकथन प्रसिद्ध झालें. १५ मे २००४ रोजीं नाशकांतच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्याविषयीं आपणांस इतकें ठाऊक आहे याचें श्रेय त्यांच्या चाहत्यांना आणि शिष्यांना आहे. त्यांनीं वेळेवर विचारलें, वेळेवर लिहून घेतलें.

आतां एक गोष्ट स्वतःची सांगतों. ती सांगणें मला सुखाचें नाहीं; पण न सांगितली तर हें सारें व्याख्यान पोकळ होईल.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकाची परीक्षा दिली आणि सिन्नरकडच्याच एका खेड्यांतील शाळेवर लागलों. वय पंचविशीच्या आंतबाहेर. शुद्धलेखनाचा मोठा अभिमान! वर्गांतील एका मुलाचे वडील विहिरींच्या कामावर जात. पहार, टिकाव, सुरुंग यांत दिवस घालवून ते रात्रीं मारुतीच्या देवळांत गात. स्वतः रचलेलीं गाणीं. अक्षर येत नसे. मुलगा लिहून घेई. एके दिवशीं त्यांनीं ती वही माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाले, "गुरुजी, पोरानं लिहिलंय. काय चुकलंमाकलं असंल तर बघा." मला आनंद झाला. मीं लाल शाई घेतली आणि दोन रात्रीं बसून वही तपासली. 'आन्' चें 'आणि' केलें, 'परेम' चें 'प्रेम' केलें, 'व्हतं' चें 'होतें' केलें. पानें लाल झालीं. वही परत केली तेव्हां मी त्यांच्या आभाराची वाट पाहत होतों.

आठ दिवसांनीं ते आले. शब्दांत राग नव्हता. म्हणाले, "गुरुजी, चूक काढली तुम्ही, पन तिच्यासंगं चालबी निघून गेली." मी हंसलों. मला वाटलें, अडाणी माणूस, याला काय कळणार? 'आन्' म्हटलें कीं पहारीचा घाव जागेवर पडतो आणि 'आणि' म्हटलें कीं तो घसरतो, हें समजण्यास मला कित्येक वर्षें लागलीं. ते आपल्या कामाच्या ठेक्यावर शब्द तोलीत होते. मी पुस्तकावर तोलीत होतों. त्यानंतर त्यांनीं मला वही दाखविली नाहीं. बदली झाली, मी गांव सोडलें.

निवृत्त होण्याच्या सुमारास पुन्हां त्या गांवीं गेलों. ते वारले होते. मुलगा कामधंद्यासाठीं परगांवीं होता. घर नवें बांधतांना जुने कागद रद्दींत गेले, असें कळलें. शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींनीं आठवून आठवून त्यांच्या एका गाण्याचीं तीन कडवीं मला म्हणून दाखविलीं. त्यांत 'आन्' जसाच्या तसा होता. माझी लाल शाई त्यांच्या कानापर्यंत पोहोंचली नव्हती, एवढेंच माझें नशीब. तीं तीन कडवीं मीं जशींच्या तशीं उतरून घेतलीं आहेत. बाकीचीं गेलीं. त्यांतील कांहींचा दोष माझ्याकडे आहे, कारण त्या गांवांत लिहूं शकणारा आणि लिहून ठेवण्याची किंमत समजावी असा मनुष्य मीच होतों.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या खानदेशांतलें. बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवि. तरी त्यांनीं आईच्या बोलीस आपल्या ग्रांथिक भाषेची इस्त्री फिरविली नाहीं. घरांतल्यांनीं उतरून ठेविलेलीं तीं गाणीं बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें पुस्तकरूपानें निघालीं आणि महाराष्ट्र थक्क झाला. एका घरांत वही जपली गेली, एका घरांत गेली. प्रतिभेचा तोल मी येथें करीत नाहीं; वहीचा करितों.

श्रोतेहो, शाहिरांचे पुतळे उभारणें, जयंत्या करणें हें सर्व योग्यच आहे. परंतु परशराम आणि वामनदादा यांच्यासारखे लोक एका पिढीपुरते जन्मून संपत नाहींत. आपल्या गांवांतही कोणी गवंडी, कोणी विडी वळणारी बाई, कोणी ऊसतोडणीचा मजूर, कोणी हमाल आज रात्रीं गाणें जुळवीत असेल. त्याच्याकडे जा. गाणें त्याच्या तोंडून ऐका आणि जसें उच्चारलें तसेंच लिहून घ्या. चाल कोणती, तेंही टिपा. रचणाऱ्याचें नांव, त्याचा धंदा, गांव आणि तारीख खालीं घाला. आणि तो बोलण्यास राजी असला तर त्याच्या आयुष्याविषयींही दोन गोष्टी विचारा. हल्लीं तर खिशांतील फोनवर आवाजही सांठवितां येतो. ही सोय शाळिग्रामांस नव्हती.

एक विनंती मात्र विशेष करून माझ्या शिक्षकबंधूंस आणि भगिनींस आहे. त्या वेळीं लाल शाई घरीं ठेवून जा.